ट्रान्सफर ते बीटा : मधल्या दिवसांत कोणती मालिका बघावी

आयव्हीएफमध्ये एम्ब्रियो ट्रान्सफर करून, म्हणजे प्रयोगशाळेत तयार झालेला गर्भ गर्भाशयात सोडून, घरी पाठवताना क्लिनिकमध्ये एक कागद हातात देतात. गर्भ टिकायला मदत करणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या औषधाच्या वेळा, फॉलिक ॲसिड, जड उचलू नका, पोट खूप दुखलं किंवा ताप आला तर या नंबरवर फोन करा, आणि सगळ्यात खाली गर्भ राहिला का ते सांगणाऱ्या बीटा एचसीजीच्या रक्ततपासणीची तारीख. ती साधारण १० ते १४ दिवसांनंतरची असते. तोवर करण्यासारखं आपल्या हातात जवळजवळ काहीच नसतं आणि तेच फार जड जातं. सिस्टर जाता जाता म्हणतात, "ताई, खूश राहा, टीव्ही बघा, विचार करू नका." टीव्हीवर नेमकं काय बघायचं हे कुणी सांगत नाही. ते सांगायला मी बसले आहे.

मी मराठी मालिकांचे संवाद लिहिते. एपिसोड कुठे तोडायचा, कॅमेरा कुणाच्या चेहऱ्यावर थांबला की घरोघरी चमचा ताटात तसाच राहील, याचा रोज विचार करणं हा माझा व्यवसाय आहे. त्यामुळे आयव्हीएफच्या प्रतीक्षेत मी स्वतः प्रेक्षक होऊन बसले तेव्हा कोणती मालिका धरून ठेवते आणि कोणती अंगावर येते, हे मला जरा जास्तच स्पष्ट दिसलं. माझी एक प्रतीक्षा निगेटिव्ह रिपोर्टने संपली, नंतरची पॉझिटिव्हने. पुढचं सगळं दोन्ही वेळांना सारखंच लागू पडलं.

सध्या चालू असलेली मालिका नको

हे सगळ्यात आधी सांगते, कारण आपल्या घरांत संध्याकाळी सात ते दहा टीव्हीवर तेच असतं.

चालू मालिकेत पुढे काय होणार हे लिहिणाऱ्यांनाही फार लांबवर माहीत नसतं. काही आठवड्यांची वन-लाइन, म्हणजे गोष्टीचा कच्चा आराखडा, तयार असतो, थोड्या एपिसोडची बँक, म्हणजे आधीच चित्रित केलेला साठा, असतो. दर गुरुवारी टीआरपी मोजणाऱ्या बार्क या संस्थेचे आकडे येतात. आकडे पडले की ट्रॅक बदलतो. आणि बदललेला ट्रॅक पुष्कळदा काय असतो? नायिकेला चक्कर येते. दारात डॉक्टर. सासूच्या चेहऱ्यावर आधी काळजी, मग हसू. "अभिनंदन, तुम्ही आजी होणार आहात." मग डोहाळजेवण, हिरवी साडी, फुलांची वाडी, झोपाळा, सगळ्या बायकांची गाणी, आठवडाभर. त्यानंतर कुणीतरी जिन्यावर तेल सांडतं.

असे प्रसंग मी लिहिले आहेत, आणि बघणाऱ्या बायका ते किती जीव लावून बघतात हेही मला माहीत आहे. पण ज्या बाईच्या पोटात आत्ता एक पाच दिवसांचा गर्भ सोडलेला आहे आणि तो रुजला की नाही हे तिला कळायला मार्ग नाही, तिने हा जिना बघू नये. प्रत्यक्षात नायिकेसारखी चक्करही येत नाही. छाती दुखणं, पोट फुगणं, झोप येणं ही लक्षणं प्रोजेस्टेरॉननेच होतात, गर्भ राहिला तरी आणि नाही राहिला तरी. पडद्यावर चक्कर बघितली की आपण आपल्या अंगात चक्कर शोधायला लागतो.

संपलेल्या मालिकेचं तसं नसतं. तिच्यात काय काय घडतं हे आधी तपासता येतं. म्हणून पहिली चाळणी एवढीच: जिचा शेवटचा भाग होऊन गेला आहे अशीच मालिका घ्या. रोजची चालू मालिका सोडवत नसेल तर तेवढे दिवस आई किंवा जाऊबाईंकडून फोनवर गोष्ट ऐका. त्या बरोबर गाळून सांगतात.

शेवटी काय लटकत ठेवलंय ते बघा

ब्लुमा झायगार्निक नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ मध्ये एक निरीक्षण मांडलं होतं. पूर्ण झालेल्या कामापेक्षा अर्धवट राहिलेलं काम डोक्यात जास्त रेंगाळतं, असं ते निरीक्षण. आमचा हुक, म्हणजे भागाच्या शेवटी लटकत ठेवलेला प्रसंग, यावरच उभा असतो. दार उघडतं, कोण आलंय ते दिसत नाही, आणि शेवटची नावं सुरू होतात. एरवी ही मजा असते. प्रतीक्षेच्या काळात मात्र एक दार आधीच अर्धं उघडं आहे, रात्रंदिवस. दुसरं उघडून ठेवणारी मालिका झोप घालवते आणि "आणखी एकच भाग" म्हणत पहाटेपर्यंत बसवते. त्या पहाटेच्या वेळी हात फोनकडे जातो आणि "ट्रान्सफरनंतर सातव्या दिवशी लक्षणं" हा शोध सुरू होतो.

म्हणून भागागणिक पुरी होणारी गोष्ट निवडा. आपल्याकडे अशा मालिका पुष्कळ आहेत, फक्त त्या जुन्या आहेत. दूरदर्शनच्या काळात बहुतेक मालिकांचा आठवड्याला एकच भाग यायचा, त्यामुळे लेखक पुष्कळदा तो भाग त्याच दिवशी मिटवायचे.

१९९३ ची 'ब्योमकेश बक्षी' घ्या. शरदिंदू बंद्योपाध्याय यांच्या कथा, बासू चॅटर्जींचं दिग्दर्शन, रजित कपूर. एखाद-दुसरी कथा सोडली तर खून आणि उलगडा एकाच भागात. खून बघून मला त्रास होईल असं नवऱ्याला वाटत होतं. झाला नाही. जुनं कलकत्ता, धोतर-कुर्ता, चहाचे कप, हळू आवाजातली चौकशी आणि शेवटी प्रत्येक गोष्टीला कारण. त्या दिवसांत प्रत्येक गोष्टीला कारण असलेलं जग बघायला फार बरं वाटतं.

त्याहून एक पाऊल पुढे 'कोलंबो' आहे, सत्तरच्या दशकात गाजलेली अमेरिकन मालिका. तिच्यात खुनी कोण ते सुरुवातीलाच दाखवतात. पीटर फॉकचा तो चुरगळलेल्या रेनकोटातला डिटेक्टिव्ह नंतर येतो आणि आपल्याला आधीच माहीत असलेल्या उत्तरापाशी तो कसा पोचतो एवढंच आपण बघत राहतो. धाकधूक नाही, तरी कुतूहल टिकतं. लेखिका म्हणून मला ही रचना कधीपासून आवडते. प्रतीक्षेत तिचा एवढा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. भाग मात्र लांब असतात, सत्तर मिनिटांच्या पुढे, तेव्हा ती सुट्टीच्या दुपारी.

बाळ कुठे कुठे लपलेलं असतं

बाळंतपणावरची मालिका आपण बघणार नाही हे उघड आहे. लंडनच्या सुइणींवरची 'कॉल द मिडवाइफ' कुणी चुकून लावत नाही. अडचण होते ती हलक्याफुलक्या समजल्या जाणाऱ्या मालिकांत.

'फ्रेंड्स' सगळेच सुचवतात. "काहीतरी विनोदी बघ, फ्रेंड्स बघ." पहिल्याच सीझनमध्ये रॉसची घटस्फोटित बायको गरोदर आहे आणि सीझनच्या शेवटाकडे बाळंत होते. चौथ्यात फीबी भावासाठी सरोगेट होते. एका भागात तिचं एम्ब्रियो ट्रान्सफर होतं आणि त्याच भागाच्या शेवटी टेस्ट पॉझिटिव्ह येते. आपण जे दोन आठवडे काढतो आहोत ते बावीस मिनिटांत. आठव्यात रेचल. नवव्यात मोनिका आणि चँडलरना मूल होणं कठीण आहे असं कळतं. चांगली मालिका आहे, मला आवडते. या काळात नको.

'मॉडर्न फॅमिली'च्या पहिल्या भागात दत्तक घेतलेली तान्ही लिली घरी येते. 'ब्रुकलिन नाइन-नाइन' ही पोलिस ठाण्यातली धमाल, पण सातव्या सीझनमध्ये जेक आणि एमी मुलासाठी प्रयत्न करतात आणि महिन्यामागून महिने टेस्ट निगेटिव्ह येतात. त्याच्या आधीचे सीझन बघा, तिथे थांबा; फक्त तिसऱ्यात ठाण्यातच बाळंतपणाची धावपळ होणारा एक भाग आहे, तेवढा सोडा. 'धिस इज अस' अजिबात नको. पहिल्या भागातच तिळ्यांपैकी एक बाळ जन्मताना जातं आणि पुढे तिसऱ्या सीझनमध्ये आयव्हीएफच आहे. 'हाउस ऑफ द ड्रॅगन'च्या पहिल्या भागातलं बाळंतपण तर कुणालाच सहज सोसणार नाही असं आहे. ड्रॅगनच्या मालिकेत ते असेल अशी कल्पना कुठून येणार?

निसर्गाच्या माहितीपटांबद्दल वेगळं सांगते, कारण ते शांत समजून लावले जातात. समुद्र, बर्फ, भारदस्त निवेदन. पण त्यांतल्या बहुतेक भागांत अंडी, घरटी आणि पिल्लं असतात, आणि कुणीतरी त्या पिल्लांच्या मागे लागलेलं असतं. समुद्राच्या पोटातलं, प्रवाळांचं काही असेल तर चालेल. पेंग्विन नकोत.

आणि हो, पौराणिक. माझ्या सासूबाईंनी मोठ्या मायेने रामानंद सागरांचं 'रामायण' लावलं. घरात चांगले सूर राहावेत म्हणून. पहिल्याच भागात दशरथाला मूल नाही, पुत्रकामेष्टी यज्ञ, पायसाचं पात्र. त्यांच्याही ते लावल्यावरच लक्षात आलं. त्या काही बोलल्या नाहीत, मीही नाही. मग त्या म्हणाल्या, "पुढचं लावू या का गं, वनवासातलं?" आम्ही वनवासातलं लावलं. चोप्रांच्या 'महाभारता'चंही तेच. सुरुवातीचे कितीतरी भाग वंश कुणी चालवायचा या प्रश्नातच जातात. पौराणिक हवंच असेल तर वनवासापासून धरा. दोन्हींत वनवास आहे.

तपासायचं कसं? इंग्रजी विकिपीडियावर बहुतेक मालिकांच्या भागवार गोष्टी असतात. 'डज द डॉग डाय' नावाचं एक संकेतस्थळ आहे. नावाप्रमाणे कुत्रा मरतो का इथून ते सुरू झालं, पण आता कुठल्या मालिकेत गर्भपात आहे, बाळंतपण आहे, हेही तिथे प्रेक्षक नोंदवतात. मात्र हे शोधकाम स्वतः करू नका. एक तर शोधताना ते सगळं वाचावं लागतं. दुसरं म्हणजे आपल्या फोनवर हे शब्द टाइप केले की दुसऱ्या दिवसापासून डायपर आणि बाळगुटीच्या जाहिराती आपल्यापुढे येतात. बहिणीला, नवऱ्याला, ज्यांना ट्रान्सफरचं माहीत आहे अशा मैत्रिणीला त्यांच्या फोनवर शोधायला सांगा. त्यांनी फक्त "हो, चालेल" किंवा "नको" एवढंच कळवायचं. आपल्याला मदत करायची इच्छा असलेल्या, पण नेमकं काय करावं हे न सुचणाऱ्या माणसांना हे काम फार आवडतं.

कॅप्सूल आणि बावीस मिनिटं

प्रोजेस्टेरॉन योनीमार्गे घ्यायचं असेल तर त्यानंतर थोडा वेळ, साधारण अर्धा तास, आडवं राहायला सांगतात. दिवसातून दोनदा किंवा तीनदा. दिवसभर पलंगावर पडून राहायची गरज नसते; पूर्ण बेडरेस्टने यश वाढत नाही असंच अभ्यासांत दिसलं आहे, आणि तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर घरात नेहमीसारखं वावरावं. पण हा अर्धा-अर्धा तास ठरलेला असतो आणि त्यातच डोकं सगळ्यात जास्त चालतं.

जाहिराती काढल्या तर अर्ध्या तासाच्या मालिकेचा भाग बावीस मिनिटांच्या आसपास असतो. हे गणित जुळवा. आणि प्रत्येक वेळेला वेगळी मालिका नेमा. तीच मालिका सकाळ-दुपार-रात्र बघितली की दोन दिवसांत उबग येतो आणि मग काय बघू याचा शोध पुन्हा सुरू होतो. त्या शोधातच नको ते समोर येतं.

माझं असं होतं. सकाळच्या कॅप्सूलला 'श्रीयुत गंगाधर टिपरे'. दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी'वरून केदार शिंदेंनी केलेली, २००१ मध्ये सुरू झालेली मालिका. आबा, शेखर, श्यामला, शिऱ्या, शलाका. घरातला एक लहानसा पेच येतो आणि त्याच भागात सुटतो. कुणी कुणाचं वाईट चिंतत नाही. मला तिच्यातला आवाज फार आवडतो: मराठी मध्यमवर्गीय घरातली भांडी, दाराची कडी, "अहो ऐकलंत का". डोळे मिटून पडलं तरी गोष्ट कळते.

दुपारी 'मालगुडी डेज'. १९८६, शंकर नाग, कर्नाटकातल्या आगुंबेत उभं केलेलं मालगुडी, आर. के. लक्ष्मण यांची रेखाचित्रं. शीर्षकाचं संगीत सुरू झालं की खांदे आपोआप खाली येतात. स्वामीच्या कथा सलग काही भाग चालतात, पण त्यांतही शेवटी टांगून ठेवलेलं काही नसतं. काही कथा उदास आहेत, हे आधी माहीत असावं. उदास कथेला माझी हरकत नव्हती. प्रोजेस्टेरॉनवर रडू तसंही लवकर येतं, आणि मालगुडीतल्या एखाद्या म्हाताऱ्यासाठी रडणं सोपं असतं.

रात्रीची गोष्ट वेगळी आहे.

रात्रीसाठी वाचून बघायची मालिका

रात्री मन भटकतं. हिंदी किंवा मराठी मालिका लावली की कान एकीकडे चालतात आणि बोटं दुसरीकडे फोनवर. यावर मला सापडलेला उपाय असा: ज्या भाषेचा एक शब्दही येत नाही त्या भाषेतली मालिका लावा, हिंदी डबिंग बंद करा आणि सबटायटल चालू करा. वाचत राहावंच लागतं. नजर हलली की संवाद गेला. फोन आपोआप बाजूला राहतो.

'मिडनाइट डायनर : टोकियो स्टोरीज' यासाठी अगदी बरोबर बसते. टोकियोतल्या गल्लीतलं छोटंसं खाण्याचं दुकान, रात्री १२ ते सकाळी ७ उघडं. मालक जे सामान असेल त्यातून गिऱ्हाइकाला हवं ते करून देतो. प्रत्येक भाग एका पदार्थाचा आणि एका माणसाचा, पंचवीस मिनिटांत संपणारा, आणि शेवटी तो पदार्थ कसा करायचा याची एखादी युक्ती. काही भाग नात्यांचे, एकटेपणाचे आहेत; बहिणीने आधी बघून दोन वगळायला सांगितले, मी वगळले.

सबटायटल वाचायचा कंटाळा असेल तर 'द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ'. तंबूत ओळीने ओट्यांवर घरगुती केक करणारी माणसं. इथे उत्कंठा आहे, पण कुणाचा केक फुलला नाही एवढ्यापुरती. दर आठवड्याला एक जण बाहेर जातो आणि बाकीचे त्याला मिठी मारतात. जिंकणाऱ्याला पैसे मिळत नाहीत, फुलं आणि केकचा स्टँड मिळतो. वाट बघण्याचं एवढं सौम्य रूप मी दुसऱ्या कुठल्या स्पर्धेत बघितलेलं नाही. आपल्या रिॲलिटी शोमध्ये निकालाआधी ढोल वाजतात आणि दोन ब्रेक घेतात, ते नको.

ऑटोप्ले बंद करा. नेटफ्लिक्सवर प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची आणि झलक आपोआप वाजण्याची, अशा दोन्ही खुणा काढाव्या लागतात. दुसरी विसरू नका. नुसतं वर-खाली करताना एखाद्या नव्या मालिकेची झलक वाजते आणि तिच्यात नेमकं सोनोग्राफीचं मशीन दिसतं. पहाटे जाग आली तर नवीन काही लावायचं नाही, टिपऱ्यांचा बघितलेला भाग आवाज कमी करून लावायचा.

लाडकी मालिका जपून ठेवा

बघितलेली मालिका पुन्हा बघावी, शेवट माहीत असल्याने मन निवांत राहतं, असंही मी म्हणेन. याला एक मर्यादा घालते, आणि माझ्या मते ती फार महत्त्वाची आहे. जिच्यावर तुमचा खराखुरा जीव आहे, लग्नाआधीपासून, कॉलेजपासून, आजीबरोबर बघितलेली, ती या दिवसांत बाहेर काढू नका.

या दोन आठवड्यांतलं सगळं एकमेकांना चिकटतं. इंजेक्शनच्या जागेची गाठ, गरम पाण्याची पिशवी, शीर्षकगीत, सगळं. रिपोर्ट निगेटिव्ह आला तर ती मालिका पुढे कित्येक महिने लावता येत नाही. निगेटिव्ह रिपोर्टनंतर 'ब्योमकेश'ची सुरावट मला बराच काळ ऐकवत नव्हती. पण ब्योमकेश माझा लहानपणचा नव्हता, म्हणून ते चाललं. माझ्या लहानपणची 'गोट्या' मी शाबूत ठेवली.

तेव्हा ओळखीची, आवडती, पण काळजात घर न केलेली अशी मालिका शोधा. हे कठीण वाटतं, पण यादी करायला बसलं की सहज सापडतात.

'पंचायत' आणि 'गुल्लक'बद्दल

या दोन्ही कुणीतरी सुचवणारच, म्हणून थोडक्यात. 'पंचायत'चा २०२० चा पहिला सीझन, आठ भाग, उत्तम. त्यात भिंतीवर कुटुंबनियोजनाची घोषणा रंगवण्यावरून एक भाग आहे, मुलं किती असावीत यावरून गावात भांडण होतं. नको असेल तर तेवढा सोडा, गोष्ट तुटत नाही. दुसरा सीझन मात्र शेवटच्या भागापर्यंत नेऊ नका. हे सांगून मी गंमत घालवते आहे याची मला जाणीव आहे, तरी सांगते: प्रल्हादचा सैन्यातला मुलगा शहीद होतो. एकुलतं मूल गमावलेल्या बापाचा चेहरा या दोन आठवड्यांत बघू नये.

'गुल्लक'मध्ये दर सीझनला पाचच भाग असतात, ती सोय आहे. गीतांजली कुलकर्णींची शांती मिश्रा बघताना आपल्याच आईचा आवाज ऐकू येतो. पहिले दोन सीझन बघा. तिसऱ्यात वडिलांच्या तब्येतीचं आणि दवाखान्याचं वळण आहे. दवाखान्याचा कॉरिडॉर तुम्ही सध्या पुरेसा बघता आहात.

हॉलमधला टीव्ही

सगळ्यांच्या घरी ट्रान्सफरचं माहीत असतंच असं नाही. नणंद विचारते, "वहिनी, एवढ्यात आमच्यासोबत मालिका बघायला का बसत नाहीस?" खरं सांगायचं नसतं आणि खोटं किती बोलणार. सोपं उत्तर: ऑफिससाठी एक मालिका बघून संपवायची आहे. किंवा डोळ्यांना टीव्हीचा त्रास होतोय, टॅबवर बघते. खोलीत टॅब, कानात इअरफोन. यात काहीही अपराधी वाटून घेण्यासारखं नाही.

आणि नवऱ्याला विचारा की तो काय बघणार आहे. ही त्याचीही प्रतीक्षा असते, त्याला ती कुणी विचारत नाही. माझा नवरा जुन्या कसोटी सामन्यांची क्षणचित्रं बघायचा, निकाल माहीत असलेली. कुठे शिकला कोण जाणे, पण त्याने माझ्याआधीच बरोबर निवड केली होती. दिवसातली एक गोष्ट तरी दोघांनी मिळून बघावी, म्हणजे एकमेकांशी बोलायला "काही जाणवतंय का?" याखेरीज एक विषय मिळतो. आमच्याकडे तो केकचा होता. "आज तो म्हातारा जाणार बघ." "नाही जाणार, त्याचा ब्रेड चांगला झालाय." अशी वाक्यं त्या घरात पुन्हा ऐकू येणं ही छोटी गोष्ट नव्हती.

तपासणीच्या दिवशी, आणि पुढे

मालिका बीटाच्या तारखेला संपेल असा हिशोब करू नका. फार मोह होतो. भाग मोजून ठेवावेसे वाटतात, शेवटचा भाग आणि रिपोर्ट एकाच दिवशी. मग एक भाग कमी बघितला तरी जीव खालीवर होतो. मालिका एक तर आदल्या दिवशी संपवा किंवा मधेच असू द्या. रक्त सकाळी देतात आणि रिपोर्ट दुपारी किंवा संध्याकाळी येतो. त्या मधल्या तासांत काही नवीन लावू नका. बघितलेला केकचा भाग पुन्हा लावा आणि फोन दुसऱ्याच्या हातात द्या. रिपोर्ट आधी कुणी वाचायचा हे सकाळीच ठरवलेलं असावं. घरी लघवीची टेस्ट आधी करून बघायची इच्छा होईल. काही उपचारांत दिलेलं एचसीजीचं इंजेक्शन अंगात काही दिवस राहतं आणि त्याचीच रेघ उमटू शकते, म्हणून ती खात्रीची नसते. ज्या संध्याकाळी तो मोह होईल त्या संध्याकाळसाठी एक 'कोलंबो' राखून ठेवा. सत्तर-नव्वद मिनिटं जातात आणि मेडिकलचं दुकान बंद व्हायची वेळ होते.

बीटा पॉझिटिव्ह आली तरी थांबणं संपत नाही, हे आधी माहीत असलेलं बरं. बहुधा ४८ तासांनी पुन्हा रक्त घेतात, आकडा नीट वाढतोय का ते बघायला. मग सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफी, ठोके बघायला. हा काळ पहिल्याहून लांब असतो आणि त्याच्यासाठी कुणी तयारी केलेली नसते. म्हणून ट्रान्सफरच्या आधीच दोन मालिका निवडा, दुसरी लांबलचक. बेक ऑफचे जुने सीझन भरपूर आहेत. बाळांची चाळणी या काळातही तशीच चालू ठेवा. पॉझिटिव्ह आली म्हणून डोहाळजेवणाचे भाग लगेच सोसवतात असं होत नाही.

निगेटिव्ह आली तर प्रोजेस्टेरॉन कधी थांबवायचं ते डॉक्टर सांगतात आणि त्यानंतर काही दिवसांत पाळी येते. त्या दिवसांसाठी मी कुठलीही मालिका सुचवणार नाही. काही बघवलं नाही तर बघू नका. फक्त एक काम घरातल्या कुणाकडून तरी करून घ्या. अर्धवट राहिलेल्या मालिका ॲप उघडताच पहिल्या ओळीत दिसतात, कुठल्या भागावर थांबलात त्याच्या लाल रेघेसकट. त्या ओळीतून मालिका काढून टाकता येते. हे तुम्ही करू नका. नवऱ्याला, बहिणीला सांगा, आणि तुम्ही टीव्ही पुन्हा लावायच्या आत ते झालेलं असू दे.